मनगट

चिंचेवर मारलेला दगड पत्र्यावर पडला, एवढंच झालं होतं. माघातली दुपार, चिंचा नुकत्या गाभुळायला लागलेल्या, आणि शेजारचा चौथीतला पोरगा कंपाउंडच्या पलीकडून नेम धरून मारत होता. मी ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो होतो. दगड आधी पत्र्यावर आपटला, मग घरंगळत पन्हळीपर्यंत आला आणि माझ्या पायापासून हातभर लांब फरशीवर पडला. पुढचं मला नीट क्रमानं सांगता येत नाही. डावा हात कोपरात वाकून छातीसमोर आला होता, हे आठवतं. पोरगा फाटकातून आत आला होता. "मेजर आजोबा, लागलं नाही ना?" हे विचारायलाच तो आला होता, हे आता कळतं. पण मी उठलो, चार पावलांत त्याच्याजवळ गेलो आणि त्याचं उजवं मनगट धरलं. ओरडलो नाही, मारलं नाही. नुसतं धरून ठेवलं. किती वेळ, ते त्याच्या आईनं हाक मारली तेव्हा ध्यानात आलं. सोडलं तेव्हा त्याच्या कातडीवर माझी चार बोटं उमटली होती.

"आगाऊच आहे हो तो, बरं केलंत," त्याची आई म्हणाली. आमच्याकडे फौजेतून आलेल्या माणसाला, मग तो हवालदार असो की सुभेदार, 'मेजर'च म्हणतात, आणि मेजरनं पोराला धाक लावला तर कुणाला वावगं वाटत नाही. पण मला रात्री झोप लागली नाही. दगड तर पडून गेला होता. पोराचा हात रिकामा होता. मग मी धरलं काय?

असं मनगट मी आधी एकदा धरलेलं आहे.

गोमा हे कांगोच्या पूर्व टोकाचं शहर. किवू तळ्याच्या काठी, रवांडाच्या हद्दीला अगदी चिकटून. २००८ साली आमची पलटण तिथं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होती. पलटणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सोबतची माणसं अजून नोकरीत आहेत, आणि ही गोष्ट माझी आहे, त्यांची नाही. गावाकडं याला 'यूएन करून येणं' म्हणतात. यूएन करून आलेल्याच्या घरावर स्लॅब पडतो, बहिणीचं लग्न होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि माझ्याही बाबतीत तसंच झालं. ज्या ओसरीवर तो दगड पडला ती ओसरी त्याच पैशातली. दिल्लीत तयारी झाली, टोचण्या झाल्या, निळ्या टोप्या मिळाल्या, आणि एका पहाटे विमानातून उतरलो तर समोर काळं रान. माती म्हणून दिसेना. जिकडं बघावं तिकडं दगड.

त्या दगडाबद्दल थोडं सांगायला हवं. गोम्याच्या उत्तरेला न्यीरागोंगो नावाचा ज्वालामुखी आहे. १७ जानेवारी २००२ ला तो फुटला आणि तापलेला रस शहराच्या मधून वाहत थेट तळ्यापर्यंत गेला. लोकांनी तो थंड व्हायची वाट बघितली आणि त्याच्यावरच पुन्हा घरं बांधली. कुंपणं त्या दगडाची, पाया त्या दगडाचा, रस्ता म्हणजे तर नुसता तो दगडच. रात्री ढग उतरले की डोंगराच्या डोक्यावर लाल उजेड दिसायचा, लांब कुठंतरी वणवा लागल्यासारखा, आणि तिथली माणसं त्याच्याकडं आपण घड्याळाकडं बघावं तसं सहज बघायची. मी साताऱ्याकडचा. काळ्या दगडात वाढलेला. आपला सह्याद्रीही असाच वाहून आलेला रस, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाऊस, ऊन आणि माणसांचे पाय यांनी तो केव्हाच शांत झाला आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायरीवर हात ठेवला की गार लागतो. गोम्याचा दगड सहा वर्षांचा होता. न्हाणीत पाय घासायला ठेवतात तसा सच्छिद्र, हलका, कडेला काचेसारखा धारदार. हातात घेतला तर बोटाला चरा पडायचा. आणि वाकलं की मिळायचा. तो कुठून आणावा लागत नव्हता.

भाषेनं मात्र पहिल्या महिन्यातच आपलंसं केलं. चहाला ते चाय म्हणतात, चपातीला चपाती, दुकानाला दुका, रंगाला रंगी. स्वाहिलीत बहीण म्हणजे दादा. आणि कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला मामा. तळ्यातली सांबाझा नावाची बोटभर मासळी सुपात घेऊन बसणाऱ्या बाईला "मामा" अशी हाक मारताना मला आधी कसंतरीच व्हायचं, मग सवय झाली, आणि मग असं झालं की सुट्टीवर आल्यावर खऱ्या मामाला हाक मारताना ती मासेवाली डोळ्यांसमोर यायची. आमच्या छावणीच्या फाटकासमोरून रोज सकाळी एक पोरगा चुकुडू घेऊन जायचा. चुकुडू म्हणजे निलगिरीच्या लाकडाची दोन चाकांची गाडी. सायकलीसारखं हँडल, पण पायडल नाहीत. उतारावर बसायचं, चढावर ढकलायची. त्याच्यावर कोळशाची पोती, कोबी, पाण्याचे पिवळे कॅन, काय वाटेल ते. पोरगा असेल तेरा-चौदा वर्षांचा. फाटकावर माझी ड्यूटी असली की मी त्याला "रामराम" म्हणायचो. चार दिवसांत त्यानं ते उचललं आणि मग पलटणीतल्या प्रत्येकाला, गढवाली असो की जाट, तो "रामराम" करत सुटला. बिस्किटाचा पुडा दिला तर एकच काढून घ्यायचा आणि बाकीचा सदऱ्याच्या आत सारायचा. घरी कुणीतरी होतं. किती जण, ते मी कधी विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये सगळं फिरलं. न्कुंडा नावाच्या बंडखोर सेनापतीच्या माणसांनी २६ तारखेला गोम्याच्या उत्तरेची रुमांगाबोची लष्करी छावणी घेतली, आणि उत्तरेकडच्या रस्त्यानं माणसं खाली यायला लागली. मी आयुष्यात तशी रांग पाहिलेली नाही. पंढरीची वारी पाहिली आहे, पण वारीला पोचायचं ठिकाण असतं. इथं डोक्यावर गादी, गादीवर भांडं, पाठीला मूल, हातात शेळीची दोरी, आणि चालायचं. पाऊस पडत होता. आमच्या पांढऱ्या गाड्या त्यांच्या उलट दिशेनं वर जात होत्या तोवर लोक बाजूला होऊन वाट देत होते. काही बायांनी हात जोडलेलेही मला आठवतात. मग बातम्या आल्या की बंडखोर अजून पुढं सरकले. मग आमच्या काही गाड्या परत खाली येताना लोकांनी पाहिल्या.

२७ तारखेला सकाळी शहरातल्या शांतिसेनेच्या ठिकाणांवर दगड पडायला लागले. आमच्या फाटकावरही.

आपल्या देशात सैन्याला असल्या कामाला बोलावतात तेव्हा त्याची एक रीत असते. सोबत मॅजिस्ट्रेट लागतो, त्याचा लेखी हुकूम लागतो. दोन काठ्यांना बांधलेलं फलक उघडून जमावाला दाखवायचं, त्यावर त्यांच्या भाषेत इशारा लिहिलेला. भोंग्यावरून तोच इशारा. किमान बळ, हा शब्द तर रंगरूट असल्यापासून कानावर पडलेला. यूएनमध्ये खिशात मावेल असं एक कार्ड दिलेलं असतं, कधी काय करायचं आणि काय नाही ते त्यावर छापलेलं. मी ते इतक्या वेळा वाचलं होतं की घड्यांवर ते फाटायला आलं होतं. पण कार्डावर एक गोष्ट नव्हती. आपण ज्यांना वाचवायला आलो तीच माणसं समोर आली तर त्यांच्या तोंडाकडं बघायचं का नाही, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

ढाल ही लांबून बघणाऱ्याला वाटते तशी मजबूत गोष्ट नाही. पारदर्शक फायबर, मागं दोन पट्टे आणि फोमची गादी. डावा हात त्यात कोपरापर्यंत अडकवायचा. पहिले दोन-तीन दगड लागतात तेव्हा आवाजच जास्त वाटतो. दहाव्या दगडानंतर कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्या येतात आणि मग हात आपला राहत नाही. शिरस्त्राणाच्या काचेवर आपलाच श्वास जमतो. जुन्या ढालीवर इतके ओरखडे असतात की पलीकडची माणसं पावसाच्या काचेतून दिसावीत तशी दिसतात, तोंडं आहेत पण ओळखू येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर तेच बरं असतं. गोम्याचा दगड ढालीवर फुटायचा. ठेचल्यासारखा फुटून त्याची काळी कच उडायची आणि कॉलरमधून पाठीत जायची. त्या रात्री मी बनियन झटकली तर न्हाणीच्या पांढऱ्या फरशीवर कोळशाचा चुरा सांडल्यासारखं झालं. अंगावर कुठंही जखम नव्हती. पाठीवर मात्र कितीतरी दिवस बारीक चुणचुण होत राहिली.

लोक काय ओरडत होते ते दुभाष्यानं सुभेदारसाहेबांना सांगितलं आणि साहेबांनी आम्हाला सांगितलं नाही. पण न सांगताही समजत होतं. तुमच्याकडं तोफांच्या गाड्या आहेत, वर हेलिकॉप्टर फिरतंय, मग आम्ही घर सोडून पावसात का? याला उत्तर असेल तर ते मोठ्या लोकांकडं असेल. त्या वेळी साऱ्या कांगोत शांतिसेनेचे सतरा हजारांच्या आसपास सैनिक होते. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण देश केवढा, तर आपल्या महाराष्ट्राच्या साडेसात पट. हे गणित मी नंतर कितीदा तरी केलं आणि दर वेळी बरोबर आलं. पण फाटकासमोर डोक्यावर गादी घेऊन उभ्या असलेल्या बाईला हे गणित मी कुठल्या तोंडानं सांगितलं असतं? तिचा राग रास्त होता. तो तेव्हाही रास्त वाटत होता, ढालीच्या मागं उभा राहूनसुद्धा. आणि तरीही ती रांग सोडून मी बाजूला झालो असतो तर उजवीकडच्या जवानाची कूस उघडी पडली असती. त्याची बायको तेव्हा आठव्या महिन्यात होती. मी हललो नाही.

साडेदहाच्या सुमारास एक गाडी आत घ्यायची होती. फाटकासमोर दहा पावलं जागा मोकळी करा, असा हुकूम आला. "ढाल जोड़, कदम जमा के." रांग पुढं सरकली. डंडे ढालीवर आपटत गेलो, त्या आवाजानंच जमाव मागं हटतो, आणि तसा तो हटलाही. मी काच पुसायला क्षणभर वर केली. तिसऱ्या ओळीत तो होता. चुकुडू नव्हता बरोबर. पावसानं सदरा अंगाला चिकटलेला. हात खांद्याच्या वर, हातात दगड. आमची नजर मिळाली. आणि त्यानं हात खाली घेतला.

इथं मी दर वेळी थांबतो. त्यानं हात खाली घेतला होता, हे मी पाहिलं होतं. बाकीचे मागं पळाले, तो जागचा हलला नाही. दोन पावलं पुढं जाऊन मी डंडा पट्ट्यात खोचला आणि त्याचं मनगट धरलं. गाडीला तो आडवा नव्हता. तो मारणारही नव्हता. साऱ्या सकाळभर जी भीती आवळून धरली होती ती त्या वेळी बोटांत उतरली असावी. नाही, तेवढंच नाही. मला राग आला होता. शेकडो अनोळखी माणसांनी दगड मारले त्याचं काही वाटलं नाही, आणि ज्यानं मारलाच नाही त्याचा राग आला, कारण तो मला रामराम म्हणायचा. उसाच्या वरच्या कांड्याएवढं मनगट होतं ते. माझा अंगठा आणि मधलं बोट पलीकडं जाऊन एकमेकांवर चढले. दगड त्याच्या मुठीतून पडला. त्यानं सोडवून घ्यायची धडपड केली नाही. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाला, "क्वा नीनी?" तेवढी स्वाहिली मला येत होती. का, म्हणून विचारत होता.

"छोड़ दे," मागून सुभेदारसाहेब ओरडले. मी सोडलं. तो पळाला नाही, चालत गेला, दुसऱ्या हातानं मनगट धरून.

आमच्या फाटकावर त्या दिवशी एकही गोळी सुटली नाही. कुणाचं डोकं फुटलं नाही, ना त्यांच्यातलं, ना आमच्यातलं. साहेबांनी संध्याकाळी पाठ थोपटली, आणि ती थोपटण्यासारखीच होती. असल्या दिवशी एका माणसाचं बोट घसरलं तर काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्यालाच त्याची किंमत कळते. मला अभिमान वाटला, आजही वाटतो. पोरगा मात्र पुन्हा फाटकासमोरून गेला नाही. २९ तारखेला बंडखोर शहराच्या तोंडाशी येऊन थांबले, कांगोचेच सैनिक पळ काढताना रात्री शहरात गोळ्या झाडत आणि घरं लुटत गेले. सकाळी रस्त्यावर सगळी दारं बंद. पुढच्या आठवड्यात ४ आणि ५ नोव्हेंबरला वर किवांजा गावात दीडशेच्या आसपास माणसं मारली गेली. जवळच शांतिसैनिकांचा तळ होता, आपल्याच माणसांचा. त्या तळावरच्या कुणाला मी दोष देणार नाही. मोजक्या जवानांच्या आसऱ्याला कुंपणालगत हजारो माणसं आलेली असताना आत काय परिस्थिती असते ते बाहेरून सांगता येत नाही. पण ती बातमी ऐकली तेव्हा मला पहिला आठवला तो फाटकासमोरचा आरडाओरडा. दुभाष्यानं सांगितलेलं आणि साहेबांनी न सांगितलेलं.

आमच्याकडच्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक इतके लोक गेले, त्यांपैकी अमुक इतके कामी आले. नावं नसतात, नुसते आकडे. माझे पणजोबा त्या गेलेल्यांतले, बसऱ्याला होते. परत आले, पण तिकडचं काही बोलत नसत, एवढंच घरात ऐकिवात आहे. लहानपणी वाटायचं, लढाईचं बोलवत नसेल. आता दुसरंच मनात येतं. १९२० साली इराकातली माणसं इंग्रजांवर उठली तेव्हा तो उठाव मोडायला गेलेल्या फौजेत बहुतेक पलटणी हिंदीच होत्या. पणजोबा तोवर घरी आले होते का, मला माहीत नाही, आणि सांगणारं आता कुणी नाही. पण आले नसतील तर एखाद्या खजुराच्या बागेच्या कडेला तेही कुणाच्या तरी समोर उभे राहिले असतील, ज्याचं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. त्यांच्या हातात ढाल नव्हती, रायफल होती. माझ्यावर निदान निळी टोपी होती, आणि मी ज्या कामाला गेलो ते काम चांगलं होतं, असं मी मानतो. तेवढा फरक मी धरून ठेवतो. मोठा फरक आहे तो.

२६ जुलै २०२२ ला कांगोतल्याच बुटेम्बोमध्ये शांतिसेनेच्या तळावर जमाव चालून आला आणि त्यात सीमा सुरक्षा दलाचे आपले दोन जवान गेले. टीव्हीवर खाली पट्टी आली तेव्हा मी जेवत होतो. ताट सारून उठलो. त्या दोघांना मी ओळखत नव्हतो, पण ती ढाल ओळखत होतो. घरात सगळे म्हणाले, कसली माणसं ही, ज्यांनी वाचवायला यायचं त्यांनाच मारतात. मला ते बोलणं ऐकवेना आणि खोडूनही काढता येईना. त्या जवानांच्या घरात काय झालं असेल ते दिसत होतं. आणि त्या जमावात तिशीकडं झुकलेला एखादा माणूस असेल, दहा-पंधरा वर्षांत तिसऱ्यांदा की चौथ्यांदा घर सोडलेला, हेही दिसत होतं. २०२५ च्या जानेवारीत गोमा बंडखोरांच्या हातात गेलं. पुतण्यानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. रस्ते आता ओळखू येत नाहीत, इमारती उठल्या आहेत. पण डोक्यावर गादी, गादीवर भांडं, ती रांग तशीच. आणि मध्येच एक चुकुडू दिसला, सामानानं लादलेला. मी पुतण्याला म्हटलं, मागं घे जरा. त्यानं तीन वेळा मागं घेतलं. ढकलणाऱ्याचं तोंड दिसलं नाही.

पोरगा आठ दिवस चिंचेखाली आला नाही. शाळेतून येताना आमच्या फाटकाच्या पलीकडच्या अंगानं जायचा, उजवा हात खिशात घालून. नवव्या दिवशी मी आकडी घेऊन वरच्या फांदीवरच्या चांगल्या गाभुळलेल्या चिंचा काढल्या आणि त्याच्या घरी गेलो. त्याची आई चहा ठेवते म्हणाली, मी नको म्हटलं. तो दाराच्या आड होता. मी उंबऱ्यावर बसलो, म्हणजे माझं डोकं त्याच्या डोक्याच्या खाली आलं, आणि म्हणालो, "त्या दिवशी तुझी काही चूक नव्हती. माझी होती. मी तुझा हात धरायला नको होता." मोठ्या माणसानं असं बोललेलं त्याला नवीन असावं. तो आईकडं बघायला लागला.

मग त्यानं विचारलं, "मग का धरला?"

मी त्याला सांगायला सुरुवात केली होती. लांबचा एक देश, तिथला काळा दगड, लाकडाची गाडी चालवणारा एक मुलगा. गाडीपाशी आल्यावर त्यानं मला थांबवलं. तिला ब्रेक असतो का, चढावर बसता येतं का, चाकाला रबर असतं का, असं तो विचारत राहिला आणि मी सांगत राहिलो, जमिनीवर बोटानं चित्र काढून. मनगटापर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही.

परवा दुपारी पुन्हा पत्र्यावर दगड पडला. डावा हात वर यायला लागला तसा मी तो उजव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर दाबून धरला. दगड पन्हळीपर्यंत आला, अडकला. "मेजर आजोबा, लागलं नाही ना?" पलीकडून आवाज आला. नाही लागला, मी म्हटलं, पश्चिमेच्या बाजूनं मार, तिकडं जास्त आहेत.